तिसऱ्या वळणावरचं कासव

आमची जुनी रिक्षा घाटीच्या पहिल्या वळणाला लागली की वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या माळावर, आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. आवाजावरून मला कळायचं की आई एकटी येतेय की गाडी भरलेली आहे. भरलेली असली की तिसऱ्या वळणाला ती खोकल्यासारखी अडखळायची, आई गिअर बदलायची आणि मग पुन्हा एकसारखी घरघर सुरू व्हायची. त्या आवाजावर मी चहाचं आधण ठेवायचे. गाळून होईपर्यंत आई अंगणात आलेली असायची.

शाळेच्या फाटकाशी मात्र तोच आवाज मला नकोसा व्हायचा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, शहरात. बाकीच्या मुलींना न्यायला स्कूटर, गाड्या यायच्या. मला न्यायला काळा धूर सोडत, सगळ्या रस्त्याला वर्दी देत आमची रिक्षा यायची आणि ती चालवत असायची माझी आई. मैत्रिणी काही वाईट बोलायच्या नाहीत. पण मी पटकन आत शिरून पडद्याच्या बाजूला अंग चोरून बसायचे, आणि आई आरशातून ते बघायची.

रिक्षा मुळात बाबांची. सड्यावरच्या भाड्यावर घरातल्या सगळ्यांचं भागत नव्हतं, म्हणून मी दुसरीत असताना बाबा मुंबईला नोकरीला गेले. रिक्षा अंगणात उभी राहिली. दोन महिने आई तिच्यावर फडकं मारायची. तिसऱ्या महिन्यात तिने शिकायला सुरुवात केली, आणि परवाना, बिल्ला सगळं रीतसर करून ती आमच्या स्टँडवर उभी राहिली.

आमचं स्टँड म्हणजे सड्यावर एका आंब्याखाली नऊ रिक्षा. तिथून रस्ता घाटीने खाली भाट्याला उतरतो, समुद्राच्या कडेने जातो, पूल ओलांडतो आणि शहरात शिरतो. एसटी येते, पण तिच्या वेळेला. मधल्या वेळात दवाखाना, बाजार, शाळा, बँक या सगळ्यासाठी सड्यावरच्या माणसांना या नऊ रिक्षाच. प्रत्येक रिक्षाला नंबर आहे. बाबांचा सातवा होता, तो आईकडे आला. नंबर जुन्याचा नव्याकडे, घरातल्या घरात जातो. पण त्याला एक नियम आहे. खालून ज्याला बसवलं त्याला वर दारापर्यंत सोडायचंच. गिऱ्हाईक दोनदा मध्येच उतरवलं तर नंबर काढून, नंबरासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्याला. पूर्वी काही जण लांबचं भाडं मिळालं की सड्यावरच्या बायकांना भाट्यातच उतरवून परत फिरायचे. भर उन्हात त्या डोक्यावर बोजे घेऊन घाटी चढायच्या. हा प्रकार थांबावा म्हणून स्टँडच्या बैठकीत नियमाची गोष्ट पहिल्यांदा काढली ती माझ्या आईनेच. तेव्हा ती स्टँडवर सर्वांत नवी होती.

मागच्या वर्षी जुन्या रिक्षाचं आयुष्य संपत आलं. कागदावरचंही आणि तिचं स्वतःचंही. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि मी घरी बसून लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करत होते. विजेच्या रिक्षाची गोष्ट मी काढली. आईच्या हातांकडे बघून मला ते सुचलं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. दिवसभर हँडल धरून तिची मनगटं इतकी थरथरायची की संध्याकाळी भाकरी थापताना तिची बोटं पिठात रुतायची नाहीत, नुसती नाचायची. पण शाळेच्या फाटकावरचा तो आवाजही माझ्या मनात होताच. दोन्हीतलं जास्त काय होतं, मला अजून सांगता येत नाही.

आईने एकच प्रश्न विचारला. घाटी चढेल ना?

मी माहितीपत्रक घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. सगळं इंग्रजीत होतं. आमच्या घरात इंग्रजीत काहीही आलं की ते मी वाचायचं, दुसरीपासून तसंच ठरलेलं. बॅटरी एकदा भरली की गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा मोठ्या अक्षरांत होता. त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी त्या चांदणीचा अर्थ त्याहून बारीक अक्षरांत. सपाट रस्ता, गाडीत फक्त चालक, वारा नाही. माझं बोट त्या ओळीवर गेलं. मी वर बघितलं. आई वाट बघत होती. मी तिला मोठा आकडा वाचून दाखवला.

रत्नागिरीत सपाट रस्ता शोधायला समुद्रावर जावं लागेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

नवी रिक्षा आली तेव्हा तिला झेंडूचा हार घालून आई थेट स्टँडवर गेली. कसलाही आवाज न करता ती आंब्याखाली जाऊन उभी राहिली आणि बाकावर डुलकी घेणाऱ्या दोघांना ती आल्याचं कळलंच नाही. त्यावरून मग बराच वेळ चेष्टा चालली. स्टँडचे अध्यक्ष म्हणजे एक नंबरच्या रिक्षाचे मालक, धिप्पाड, सगळ्यात जुने, आईला वहिनी म्हणणारे. त्यांनी रिक्षाभोवती एक फेरी मारली.

"वहिनी, आवाज कुठे ठेवलात? घरी विसरलात काय?"

"तुमच्याकडे जास्तीचा आहे ना, भाऊजी," आई म्हणाली. "लागेल तेव्हा मागून घेईन."

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, सड्यावरच्या तीन बायका मागे आणि पायांत पिशव्या, अशी गाडी घाटीला लागली. आदल्या दिवशी पावसात आमच्याकडची वीज जात-येत होती, त्यामुळे बॅटरी रात्री पुरती भरली नव्हती. तिसऱ्या वळणाच्या आधी ती हळू झाली. मग समोरच्या छोट्या पडद्यावर कासवाचं चित्र आलं. बॅटरी संपत आली की गाडी अशी जपून चालायला लागते, तेव्हा तिची खूण म्हणून ते कासव. रस्त्यासाठी तासलेल्या जांभ्या दगडाच्या उंच कापाखाली, ऐन वळणावर, ती थांबली. बायका उतरल्या. पिशव्या वाटून घेतल्या आणि चालत वर गेल्या. मागून येणाऱ्या टेंपोने दोर बांधून आमची रिक्षा वर ओढून आणली.

त्या दिवसापासून आईच्या रिक्षाचं नाव कासव पडलं. उतरलेल्या बायकांपैकी एक काकी आमच्याच वाडीतल्या, जिभेच्या तिखट. त्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर सगळ्यांना सांगत होत्या की सात नंबरात बसायचं तर चपला चांगल्या मजबूत घालून या, भाडं देऊन वर चालायचंय. सगळ्या हसल्या. मी कळशी अर्धीच भरून घरी आले.

आठवडाभराने पुन्हा तेच झालं. तेच वळण, तेच कासव, आणि योगायोगाने त्याच काकी.

अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. त्यांना हे बोलायला आवडत नव्हतं ते दिसत होतं. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले की दोनदा झालं, आणि यादीतला पुढचा माणूस विचारायला लागलाय. नियम सगळ्यांना सारखा. गणपतीपर्यंत ते थांबायला तयार होते. गणपतीच्या बाजाराला, खालून वर, भरलेल्या गाडीत ते स्वतः बसतील. गाडी दारापर्यंत पोचली तर सात नंबर आईचा, थांबली तर दुसऱ्याचा.

"नियम तुम्हीच मांडला होतात, वहिनी."

"मी कुठे नाही म्हणते?" आई म्हणाली. "फक्त येताना पोटभर जेवून या, भाऊजी. नंतर कुणी म्हणायला नको की हलका माणूस बसवला."

ते हसले आणि गेले. आई हसली नाही. नंबर गेला तर तिला शहरातल्या स्टँडवर कुणी उभं करून घेणार नव्हतं, आणि रिक्षा अंगणात पुन्हा फडकं मारण्यापुरती राहिली असती. चौदा वर्षं ती त्या आंब्याखाली उभी राहिली होती. सगळ्या सड्याला तिचा फोन नंबर पाठ होता.

ती मागच्या पडवीत तांदूळ निवडायला बसली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि चांदणीबद्दल सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. वाक्य मनात इंग्रजीतच तयार झालं होतं, ते मराठीत येईना. आईने मला मध्येच थांबवलं.

"तुझं बोट खाली थांबलं होतं, ते मी बघितलं होतं," ती म्हणाली.

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली की कागद लिहिणाऱ्याला आमची घाटी कुठून माहीत असणार, ती तिला माहीत आहे, तेव्हा विचार तिने करायला हवा होता. तिला ती गाडी हवी होती. पहिल्यांदा चालवून बघितली तेव्हाच हवीशी झाली होती, हातांना काही लागलं नाही म्हणून. "आता रडत बसू नकोस गो," ती म्हणाली. "ते पुस्तक सगळं वाच. बारीक अक्षरं आधी."

गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी दोन दिवसांत वाचून काढलं. आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळच्या फेऱ्यांना आईच्या मागच्या सीटवर बसायला लागले. गिऱ्हाइकं तीन झाली की मी उतरायचे, जागा असली की पुन्हा बसायचे. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा कुठल्या वळणाला किती असतो ते मोबाइलमध्ये टिपून ठेवायचे. आईशी बोलायचं नाही असं ठरलं होतं, तिचं लक्ष जातं. मला ते सोयीचंच होतं. गप्प बसून बघायला मला येतं.

चढाचे आकडे मला अपेक्षित होते तसेच होते. घाटी एका दमात बॅटरीचा मोठा घास खायची. पण उतारावर मला काही टिपताच येईना, कारण उतार लागला की पडदा काळा व्हायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं पडदा बिघडलाय. दुसऱ्या दिवशी मी पुढे वाकून बघितलं. घाटीच्या माथ्यावर, जुन्या चिऱ्याच्या खांबाशी आलो की आईचा उजवा हात सवयीने खाली जायचा आणि चावी बंद करायचा.

हे आमच्याकडे सगळेच करतात. माथ्यावर इंजिन बंद करायचं, आणि नुसत्या ब्रेकवर, वाऱ्याच्या आवाजात, थेट खाली सुरूच्या बनापर्यंत उतरायचं. थेंबभर पेट्रोल न जाळता कोण कुठपर्यंत पोचतो यावर स्टँडवर पैजा लागत. आई यात पटाईत. एकदा ती जुनी रिक्षा बंद इंजिनावर नारळाच्या संशोधन केंद्राच्या फाटकापर्यंत घेऊन गेली होती, आणि ती जागा अजून सात नंबरचं फाटक म्हणून ओळखली जाते. चौदा वर्षांत त्या हाताला दुसरी सवयच नव्हती.

पुस्तकात मी वाचलं होतं की उतारावर हीच मोटर उलटं काम करते, चाकाच्या फिरण्यातून वीज करून बॅटरीत परत घालते. वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. आई चावी बंद करते हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगवेगळ्या भाषांत पडून होत्या. त्या माथ्यावर, पुढे वाकलेली असताना, त्या पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या.

खाली पोचल्यावर मी आईला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

"उतारावर चावी कशाला चालू ठेवू?" ती म्हणाली. "उतार फुकट असतो."

मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, पुस्तकात मोठा आकडाही लिहिला होता.

पुलाच्या अलीकडे एक पिठाची गिरणी आहे. तिचे मालक वयस्कर आहेत, तरुणपणी बोटीवर इंजिनखोलीत होते, अर्ध्या जगाची बंदरं बघून येऊन त्यांनी गिरणी घातली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आमचं दळण वर्षानुवर्षं तिथलंच. त्या दिवशी आई डबा घ्यायला थांबली आणि माझी तक्रार तिने चाचांकडे केली, की ही पोरगी मला उतारावर वीज जाळायला सांगतेय. चाचांनी पट्टा थांबवला, हातावरचं पीठ झटकलं आणि रिक्षाजवळ आले. खाली वाकून मागच्या चाकाकडे बघितलं. मला विचारलं की पुस्तकात नेमकं काय लिहिलंय. मी सांगितलं. अनोळखी माणसाशी इतकी वाक्यं मी एका दमात क्वचितच बोलले असेन. ते मान हलवत ऐकत राहिले, मग आईकडे वळले.

"शाळेत जाताना सायकलला डायनामो होता ना तुझ्या? चाक फिरलं की दिवा लागायचा?"

आई म्हणाली, हो, भावाच्या सायकलला होता.

"मग ही गाडी म्हणजे मोठा डायनामो. तू माथ्यावर चावी काढतेस, म्हणजे डायनामो चाकापासून बाजूला करतेस, आणि वर चढताना दिवा का लागत नाही म्हणून रडतेस."

आईने वाकून मागच्या चाकाकडे बघितलं. चाचांनी आणखी एक विचारलं, दुपारी गाडी कुठे उभी असते. पुलापाशी, गिऱ्हाइकाची वाट बघत, आई म्हणाली. त्यांनी गिरणीच्या मागच्या भिंतीवरचा प्लग दाखवला. दुपारी जेवण आणि नमाजाच्या वेळेला गिरणी बंद असते आणि तेव्हा इथला विजेचा दाब चांगला असतो, सड्यासारखी वीज जात-येत नाही. गाडी इथे लाव, ते म्हणाले. विजेच्या पैशांचं काय ते दोघांनी आपसात ठरवलं. आई त्या दिवसापासून सकाळच्या फेरीला सड्यावरचे दळणाचे डबे खाली आणायला लागली आणि दुपारनंतर पीठ वर न्यायला. पूर्वी सड्यावरचे लोक डबा डोक्यावर घेऊन खाली यायला कंटाळायचे आणि शहरातून तयार पीठ आणायचे. चाचांच्या गिरणीला आता सड्याचं गिऱ्हाईक लागलं.

चावी चालू ठेवून आई पहिल्यांदा घाटी उतरली तो दिवस मला आठवतो. माथ्यावर तिचा हात सवयीने खाली गेला, चावीवर थांबला आणि परत वर आला. अर्ध्या घाटीपर्यंत आकडा हलला नाही. मग तिसऱ्या वळणाच्या खाली तो एकाने वाढला, सुरूच्या बनाशी आणखी एकाने. एवढंच. फार नाही. पण चौदा वर्षं रिक्षा चालवलेल्या बाईला पेट्रोलचा काटा वर सरकताना कधी दिसला नव्हता. तिने गाडी बाजूला घेतली आणि पडद्याकडे बघत बसली.

"परत वर जाऊया," ती म्हणाली. "पुन्हा उतरूया."

नुसत्या त्या दोन आकड्यांनी घाटी चढता आली नसती. त्यांच्याबरोबर चाचांचा प्लग होता. आणि आई चढ वेगळा चढायला शिकली. पेट्रोलच्या गाडीला पायथ्यापासून पळवत आणावं लागतं, तसं ती इथेही पळवायची. आता ती पहिल्या वळणापासून सावकाश, एका लयीत घ्यायला लागली. बैल कसा चढतो तशी, ती म्हणायची. गणपतीला अजून तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत तिने भरलेली गाडी एकदाही मध्ये थांबू दिली नाही. पण स्टँडवर कुणी ते मोजलं नाही. त्यांच्या मते परीक्षा बाजाराच्या दिवशीच होती.

त्या दिवशी दुपारपासून बारीक पाऊस होता. अध्यक्ष ठरल्याप्रमाणे खाली पुलापाशी हजर झाले. बरोबर नारळांचं अर्धं पोतं आणि मखराचं सामान. उरलेल्या दोन जागांवर कोण बसणार याचा प्रश्नच आला नाही. नळावरच्या त्या काकी आणि त्यांची जाऊ, दोन्ही वेळा चालत वर गेलेल्या, आधीच येऊन बसल्या होत्या. आमच्याच चपला झिजल्यात, तर आम्हीच बसणार, असं काकींनी अध्यक्षांना सुनावलं, असं आईने मला नंतर सांगितलं.

मला जागा नव्हती. मी छत्री घेऊन घाटी उतरले आणि तिसऱ्या वळणावर, जांभ्याच्या कापाखाली जाऊन उभी राहिले. घरी थांबणं मला जमलं नसतं. चूक जिथे थांबली होती तिथे मी असायला हवं, असं काहीसं वाटत होतं. कापावरून लाल पाणी ओघळत होतं. मी कान देऊन उभी राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की ऐकू येण्यासारखं काही नाहीच. सगळं लहानपण मी त्या वळणावरचा आवाज ऐकत काढलं होतं, आणि आज हवा होता तेव्हा तो नव्हता. एक एसटी चढून गेली. दोन मोटारसायकली गेल्या. मग पुन्हा नुसता पाऊस.

आधी मला अध्यक्षांचा आवाज ऐकू आला. ते गुडघ्याच्या दुखण्याबद्दल काहीतरी सांगत होते आणि काकी त्यांना कुठलं तरी तेल सुचवत होत्या. बोलणं वळणाच्या खालून, झाडीतून, हळूहळू वर सरकत येत होतं, आणि त्याच्याखाली दुसरा कसलाच आवाज नव्हता. मग रिक्षा दिसली. सावकाश, एका लयीत.

तेवढ्यात वरून जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक आला. वळण अरुंद आहे. उतरणाऱ्या भरल्या ट्रकला तिथे थांबता येत नाही, थांबायचं ते चढणाऱ्याने. आईने रिक्षा कापाच्या बाजूला घेतली आणि उभी केली. ऐन चढावर, त्याच जागेवर, माझ्यापासून चार पावलांवर. ट्रक चाकं घासत गेला. अध्यक्षांनी एक हात बाहेर काढून वरचा गज धरला. आईने माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी पडद्याकडे बघत होते, पण काचेवर पाणी होतं.

रिक्षा हातभर मागे सरकली. काकी काहीतरी पुटपुटल्या. मग गाडी थांबली, आणि निघाली. कुठेही न खोकता, न अडखळता ती माझ्यासमोरून वर गेली, आणि वळणाआड होताना अध्यक्षांचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं.

"तर मी काय सांगत होतो, जिना चढताना जास्त दुखतो."

मी तिथेच, त्या ओल्या कापाला टेकून उभी राहिले. छत्री कधी मिटली ते आठवत नाही.

आज आमच्या स्टँडवर नवांपैकी तीन रिक्षा विजेच्या आहेत. नवीन गाडी घेतलेल्याला अध्यक्ष आधी आईकडे पाठवतात. ती त्याच्या मागे बसते, आणि माथ्यावरच्या खांबाशी त्याचा हात खाली जायला लागला की त्याच्या मनगटावर एक फटका मारते. दुरुस्तीला अजून कोल्हापूरहून माणूस यावा लागतो. पावसात सड्यावरची वीज अजून जाते. मध्यंतरी दोघांनी गाड्या घ्यायचा विचार करून सोडून दिला, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. चाचांच्या भिंतीवर मात्र आता एकाचे तीन प्लग झालेत. पुस्तकातली उताराची पानं मी मराठीत लिहून काढली, त्याची एक प्रत आंब्याच्या खोडाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून लावलेली आहे. त्यात बारीक अक्षर एकही नाही. अध्यक्षांनी मला ते सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी वाचत असताना आई बाकावर ताठ बसून स्टँडभर नजर फिरवत होती, कोण ऐकत नाही ते बघत.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी घाटी चढून घरी आले तेव्हा आई तिघांना दारापर्यंत सोडून, गाडी अंगणात लावून आत आली होती. अध्यक्ष काय म्हणाले, मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. नारळ उतरवले, गुडघा धरून उतरले, आणि जाता जाता म्हणाले की सात नंबर सातच्या जागी. मग तिने मला हाक मारून बाहेर नेलं आणि रिक्षात मागे बघायला सांगितलं.

सीटखाली चपलांचा एक जोड होता. चांगल्या, जाड तळव्याच्या, नव्या. काकी पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या होत्या, आणि दारात उतरताना तशाच अनवाणी घरात गेल्या होत्या.

आई म्हणाली, देऊन ये. ती स्वतः जाऊ शकली असती, पण तिने मला पाठवलं.

मी चपला हातात घेऊन वाडीतून चालत गेले. नळाजवळून गेले, तिथे दोघीतिघी होत्या, त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. चपला मी पिशवीत घातल्या नव्हत्या. काकी दारात तांदूळ पाखडत होत्या. मी चपला पायरीवर ठेवल्या. त्यांनी आधी चपलांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, मग माझ्याकडे, आणि सूप खाली ठेवून म्हणाल्या,

"चालायची वेळच आली नाही गो बाय. मग आठवणार कशा?"